मालगाडीचे छायाचित्र : अलंकार की अलंकार्य?

साहित्यविषयक नियतकालिकात छायाचित्रांची चर्चा करावी, आणि तीही कोळसा वाहणाऱ्या मालगाड्यांच्या छायाचित्रांची, हे काही वाचकांस रुचणार नाही याची आम्हांस कल्पना आहे. परंतु काव्यशास्त्राने शेकडो वर्षे काव्यासंबंधी जे प्रश्न विचारले ते अन्य कलांसंबंधी विचारू नयेत, असा निर्बंध कोणत्याही आचार्याने घातलेला नाही. किंबहुना सिद्धान्ताची कसोटी तो ज्या क्षेत्रात जन्मला त्याच्या बाहेर नेल्यावरच खरी लागते. अलीकडे सह्याद्रीच्या घाटांतून जाणाऱ्या गाड्यांची छायाचित्रे विपुल निघू लागली आहेत, आणि प्रत्येकाच्या खिशात छायायंत्र आल्यापासून आमच्या शाळांतील मुलेही त्यांत रमली आहेत. त्यांतील चांगले कोणते, सामान्य कोणते आणि का, हे सांगण्याचे काम शिक्षकांना फार काळ टाळता येणार नाही. ‘छान आहे’ एवढाच शेरा मारून वही परत करणारा शिक्षक निबंधाला जसा न्याय देत नाही, तसाच चित्रालाही देत नाही.

आगगाडी आणि छायाचित्र या दोन्ही गोष्टी आपल्याकडे जवळजवळ एकदमच रुजल्या. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती १८५३ च्या एप्रिलात. मुंबईची छायाचित्रण-संस्था स्थापन झाली ती पुढच्याच वर्षी, आणि डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थ तीत हौसेने शिरले. परंतु आगगाडी आपल्या वाङ्मयात आली ती प्रवाशांची गाडी म्हणून. गदिमांच्या सर्वपरिचित बालगीतातील गाडी मुलांना आजोळी नेते; कथा-कादंबऱ्यांतील गाडी कोणाला तरी भेटवते किंवा कोणाची तरी ताटातूट करते. मालगाडी कोणालाच भेटवत नाही. ती आली की आपली गाडी बाजूला थांबवून ठेवतात, एवढाच आपला तिच्याशी संबंध; आणि मंद मुलाला ‘मालगाडी’ म्हणण्याची आपली रीत त्या संबंधातूनच आलेली आहे. अशा उपेक्षित वस्तूकडे आज तरुण मंडळी छायायंत्र रोखून उभी राहतात, ही घटना समीक्षकाने दुर्लक्षावी अशी खचित नाही.

विवेचनासाठी आम्ही एकच रेल्वेमार्ग घेतो. उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्याच्या वायव्य टोकाला कॅसलरॉक हे स्थानक आहे. तेथून लोहमार्ग ब्रागांझा घाटाने गोव्यात कुळें येथे उतरतो. हा तालुका पूर्वी सुपे या नावाने ओळखला जाई आणि १९५६ पर्यंत तो मुंबई राज्यात होता. ज्या सुपे गावावरून त्याला ते नाव पडले ते गाव पुढे काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले. मराठी वाचकाला हा मुलूख परका वाटण्याचे कारण नाही. घाटाच्या डोक्यावर ज्या कंपनीचे रूळ येऊन मिळत तिचे नावच सदर्न मराठा रेल्वे असे होते.

या मार्गाच्या जन्मकथेतही माल आहे, प्रवासी नाही. इंग्रज व पोर्तुगीज यांच्यात १८७८ साली जो तह झाला त्यातून हा मार्ग निघाला, आणि त्याच तहाने गोव्यातील मिठाचा मक्ता इंग्रजांच्या हाती गेला. मुरगावच्या बंदराला घाटमाथ्यावरील व्यापार मिळावा ही बांधणाऱ्यांची अपेक्षा होती. १८८८ मध्ये घाट पुरा झाला. पुढे पाऊणशे वर्षे कॅसलरॉक हे सरहद्दीवरचे ठाणे होते. १९५५ साली गोवामुक्तीच्या लढ्यात ही वाहतूक बंद पडली, आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यानंतर पुन्हा चालू झाली. त्यानंतर होस्पेट-बळ्ळारीकडील लोहखनिज याच मार्गाने बंदराकडे उतरे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात मीटरमापी रूळ जाऊन रुंदमापी आले. आता बंदरात उतरवलेला परदेशी कोळसा घाट चढून बळ्ळारी जिल्ह्यातील तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्याकडे जातो. म्हणजे पूर्वी भरलेली गाडी उतरत असे. आता मुख्यत्वे भरलेली गाडी चढते आणि रिकामी उतरते. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा. चित्रांचा अर्थ लावताना त्याची गरज पडणार आहे.

आता चित्रांकडे वळू. या घाटाची बहुसंख्य छायाचित्रे पावसाळ्यातली असतात आणि ती सारी एकाच चित्राच्या प्रती वाटतात. सुमारे ३१० मीटर उंचीवरून कोसळणारा दूधसागर, त्याच्या मध्यावर कमानींचा पूल, आणि पुलावरून सरकणारी गाडी. २०१३ साली ‘चेन्नई एक्सप्रेस’ या हिंदी चित्रपटाने हे दृश्य घरोघर पोहोचवले आणि तेव्हापासून ते दृश्य जणू ठरूनच गेले. चित्र रमणीय असते हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्यात गाडीचे स्थान काय? पांढऱ्या प्रपाताला एक रंगीत काठ हवा म्हणून ती तेथे असते. तिच्या जागी केळीच्या पानांनी शृंगारलेली नौका असती तरी चित्रकाराचे फारसे अडले नसते. मालगाडी असेल तर उलट त्याची निराशा होते. डब्यांचे रंग मळकट, त्यामुळे काठ खुलत नाही, आणि मग तो पुढच्या प्रवासी गाडीची वाट पाहत बसतो.

येथे कुंतकाची आठवण होते. दंडीने स्वभावोक्तीला अलंकारांत पहिला मान दिला. ‘वक्रोक्तिजीवित’कार कुंतकाने त्यावर जो आक्षेप घेतला तो मार्मिक आहे. वस्तूचा स्वभाव हा ज्याला अलंकृत करावयाचे तो विषय होय. त्यालाच अलंकार म्हटले तर अलंकृत होण्यास शिल्लक काय राहिले? अलंकार आणि अलंकार्य यांतील हा भेद छायाचित्रांच्या परीक्षणात फार उपयोगी पडतो. दूधसागराच्या चित्रांत प्रपात हा अलंकार्य आणि गाडी हा अलंकार असतो. ज्याला गाडीचे चित्र काढावयाचे आहे त्याने हे नाते उलटे केले पाहिजे. आणि हे उलटे करण्यास सर्वांत अनुकूल असा ऋतू, आमच्या मते, हिवाळा आहे.

मार्गशीर्ष-पौषात दूधसागराच्या धारा बारीक होतात. पर्यटकांची दाटी ओसरते. घाटमाथ्यावरचे गवत पिवळे पडते, सकाळी काळीच्या खोऱ्यातून धुके वर येते, आणि जोयड्याच्या बाजूला कुणबी लोक रानातील व परसातील कंद खणू लागतात. त्या कंदांचा मेळाही तालुक्याच्या गावी अलीकडे याच दिवसांत भरतो. सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने दुपारीही प्रकाश तिरपा पडतो. घाटाची उतरण पश्चिमाभिमुख, त्यामुळे सकाळी कॅसलरॉकच्या फलाटावर ऊन आले तरी खालचे बोगदे व पूल बराच वेळ सावलीत राहतात, आणि तिसऱ्या प्रहरी उलट होते. पावसाळ्यातील सपाट, करड्या उजेडात डब्याची कड दिसत नाही. हिवाळ्यात ती दिसते: पत्र्यावरील पोचे, आठवड्यांच्या धुळीचे थर, वरच्या काठावर उरलेली कोळशाची भुकटी, कोणी खडूने लिहिलेला आकडा. वस्तूचा स्वभाव म्हणतात तो येथे प्रकट होण्यास मोकळा असतो. हिवाळा गाडीला काही देत नाही; तिच्यावरचे पांघरूण काढून घेतो इतकेच.

परंतु प्रपात दूर झाला म्हणजे सर्व प्रश्न सुटले असे नाही. हिवाळी चित्रांचाही एक ठरीव प्रकार झाला आहे आणि त्याला शास्त्राधार हवा असेल तर तो मर्ढेकरांत सापडतो. ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथात मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर कलाकृतीचे सौंदर्य उभे केले. मालगाडी या तत्त्वांचे प्रात्यक्षिक म्हणावी अशी वस्तू आहे. एकासारखी एक वाघीण, दोहोंमधील सारखे अंतर, वळणावर त्या सरळ रेघांची झालेली कमान, एका टोकाला इंजिनांचा उठाव आणि दुसऱ्या टोकाला त्याला तोलणारी इंजिने. दूरभिंगाने हे सारे जवळ ओढून घेतले की डबे एकमेकांवर रचल्यासारखे दिसतात आणि चित्र एखाद्या विणलेल्या पट्टीसारखे भासते. (वॅगनला मराठीने ‘वाघीण’ केले त्या अनाम भाषांतरकाराला आम्ही नेहमीच मानीत आलो आहोत, आणि जोयड्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात मोडत असल्याने येथे तर या शब्दाला दोन्ही अर्थांनी जागा आहे.)

अशी चित्रे आम्ही पुष्कळ पाहिली आणि त्यांतील कौशल्याचे कौतुकही वाटले. तरीही ती पाहून झाल्यावर मनात काही उरत नाही. याचे कारण आम्ही असे समजतो, की लय ही आकारांची असली तरी मालगाडीच्या आकाराला कारण तिचा भार आहे. भार वजा केला तर ती खेळण्यातील गाडी होते, मग रेषा कितीही सुबक असोत. मर्ढेकरांवर येथे दोष येतो असे आम्हांस वाटत नाही. यंत्रयुगातील वस्तू मराठी कवितेत आणताना त्या वस्तूंचे वजन त्यांनी कधी हलके होऊ दिले नाही. त्यांच्या सिद्धान्ताचा आधार घेणारे मात्र कवितेपेक्षा सिद्धान्तच अधिक वाचतात.

भाराचा प्रत्यय चित्रात कसा येतो, याचा थोडा तपशीलवार विचार केला पाहिजे. ब्रागांझा घाटाचा चढ सदतीसास एक असा आहे, म्हणजे सदतीस मीटर पुढे जाताना गाडीला एक मीटर वर उचलावे लागते. डोंगरवाटेने चालणाऱ्याला हा चढ जाणवणारही नाही. रुळांवर लोखंडी चाकाला तो फार मोठा असतो. म्हणून भरलेल्या गाडीला पुढे इंजिने असतातच, आणि मागूनही रेटणारी इंजिने लावावी लागतात. रेल्वेच्या भाषेत त्यांना ‘बँकर’ म्हणतात. पुढची ओढतात, मागची रेटतात. यामुळे गाडीच्या पुढच्या भागातील सांधे ताणलेले असतात आणि मागच्या भागातील दाबलेले. मध्ये कोठे तरी एक जागा अशी असते जेथे ओढ संपते आणि रेटा सुरू होतो. ती जागा गाडी वळणावर आली की पुढेमागे सरकते. ज्या छायाचित्रकाराला ही गोष्ट ठाऊक आहे तो इंजिनावर भिंग रोखून बसत नाही. आम्ही पाहिलेल्या चित्रांत एक असे होते, की त्यात इंजिन नव्हतेच. केवळ मधले चार डबे, त्यांच्यामधील सांधे, दबून बसलेल्या स्प्रिंगा, आणि मागे काठावरचे पिवळे गवत गाडीच्या वाऱ्याने एका बाजूला झुकलेले. त्या चित्रात चढ कोठेही दाखवलेला नव्हता. तरी तो पाहणाऱ्याच्या पोटऱ्यांत जाणवत होता. आनंदवर्धनाच्या परिभाषेत बोलावयाचे तर चढ हा तेथे वाच्य नव्हता, व्यंग्य होता.

उतरणाऱ्या गाडीचे व्याकरण निराळे. तेथे प्रश्न ओढण्याचा नसतो, आवरण्याचा असतो. घाट उतरण्यापूर्वी ब्रेकची परीक्षा होते, वेगावर कडक मर्यादा असते, आणि एखादी गाडी हाताबाहेर गेलीच तर तिला अडवण्यासाठी चढाकडे वळवलेले आडमार्ग वाटेतील स्थानकांजवळ ठेवलेले असतात. खनिज उतरे त्या काळी हे आवरणे भरलेल्या गाडीचे होते. आज ते बहुतांशी रिकाम्या गाडीचे आहे. चाकांजवळची ऊब, तापलेल्या लोखंडाचा वास, लांबलचक किंचाळी, यांतील एकही गोष्ट छायाचित्रात येऊ शकत नाही. म्हणून उतरणाऱ्या गाडीचे चांगले चित्र आम्हांस क्वचितच आढळले. बहुतेक वेळा चित्रकाराला गाडी चढते आहे की उतरते आहे याचेच भान नसते. आणि पाहणाऱ्यालाही ते कळत नाही. युद्धाला निघालेला वीर आणि युद्धाहून परतणारा वीर यांचे वर्णन एकाच शब्दांत करणाऱ्या कवीला आपण काय म्हणू?

परदेशात या प्रकारच्या छायाचित्रणाचा आदर्श म्हणून ओ. विन्स्टन लिंक या अमेरिकन छायाचित्रकाराचे नाव घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. नॉरफोक अँड वेस्टर्न या मार्गावरील वाफेची इंजिने नामशेष होण्याच्या बेतात असताना, १९५५ पासून पाचएक वर्षे, त्याने ती रात्री, दिव्यांचे मोठमोठे संच एकाच क्षणी पेटवून, टिपली. त्याचे ऑगस्ट १९५६ मधील एक चित्र सुप्रसिद्ध आहे. वेस्ट व्हर्जिनियातील एका गावी उघड्यावरचा चित्रपट चालू आहे. माणसे मोटारीत बसून तो पाहत आहेत. पडद्यावर विमान आहे. आणि पाठीमागून मालगाडी धुराचा पांढरा लोट सोडीत निघून जात आहे. पडद्यावरील विमान लिंकने दुसऱ्या प्रतिमेवरून मागाहून बसवले होते, कारण दिव्यांच्या झोतात पडदा कोराच उमटला. या कारागिरीबद्दल काही शुद्धतावादी नाक मुरडतात. आमचे लक्ष दुसरीकडे जाते. त्या चित्रातील कोणीही मालगाडीकडे पाहत नाही. ज्या वस्तूकडे कोणी पाहत नाही तिच्याकडे आम्हांला पाहावयास लावणे, हे त्या चित्राचे सामर्थ्य आहे. आपल्याकडील चित्रकारांनी लिंकचे दिवे उचलले, धूर उचलला. हे मात्र उचलले नाही.

हिवाळी चित्रांत धुक्याचे महत्त्व मोठे, म्हणून त्याविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. एडवर्ड बुलो याने १९१२ साली मानसिक अंतराचा जो सिद्धान्त मांडला त्यासाठी त्याने उदाहरण घेतले ते समुद्रावरील धुक्याचे. जहाजावरील माणसाला धुके ही भीती, विलंब आणि काळजी. पण त्याने आपल्या व्यावहारिक चिंतेपासून मनाने थोडे दूर व्हावे, म्हणजे तेच धुके अपूर्व सुंदर दिसू लागते. आमच्या पदवीच्या वर्गात हा उतारा शिकवला जाई तेव्हा तो निर्विवाद वाटे. कॅसलरॉकच्या धुक्यात तो इतका निर्विवाद राहत नाही. फलाटावर गरम चहाचा पेला हाती घेऊन उभ्या असलेल्या छायाचित्रकाराला अंतर राखणे सोपे आहे. इंजिनचालकाला ते परवडत नाही. त्याला सिग्नल शोधावयाचा आहे. ज्या भागांत धुके दाट पडते तेथे त्याला सावध करण्यासाठी रुळांवर आवाज करणारे फटाके लावण्याची पद्धत आहे. डोळा निकामी झाला म्हणून कानावर भिस्त. आता प्रश्न असा, की धुक्यातील मालगाडीच्या चित्रात चालकाची ही चिंता यावी काय? बुलोचे अनुयायी म्हणतील, आली तर अंतर मोडले. आमचे मत असे, की ती मुळीच आली नाही तर चित्र धुक्याचे होते, गाडीचे होत नाही. बुलोनेही अंतर नाहीसे होणे आणि अंतर फार वाढणे, या दोहोंना दोषच मानले होते, हे येथे विसरू नये. धुक्यातील पिवळा दिवा आणि अस्पष्ट वृक्ष यांची जी शेकडो चित्रे आज निघतात, ती या दुसऱ्या दोषाने ग्रासलेली आहेत.

अंतराची गोष्ट निघालीच आहे तर शरीराच्या अंतराविषयीही सांगावे लागेल. रुळांवर विनापरवाना वावरणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली गुन्हा आहे. जुलै २०२३ मध्ये रुळांवरून चालत दूधसागराकडे निघालेल्या तरुणांना अडवून उठाबशा काढावयास लावल्याचे वृत्त सर्वत्र आले होते. शिक्षेचा तो प्रकार आम्हांस शोभादायक वाटला नाही. परंतु बोगद्याच्या तोंडाशी उभे राहून काढलेल्या चित्राची, केवळ ते तेथून काढले म्हणून, वाखाणणी करणेही आम्हांस मान्य नाही. चित्रकाराने पत्करलेला धोका हा चित्राचा गुण होत नाही. फलाट, फाटक आणि सार्वजनिक रस्ता एवढ्या तीन जागांवरून आयुष्यभराचे काम करता येईल.

याहून अवघड असा एक प्रश्न राहतो, आणि त्याला बगल देऊन केलेली समीक्षा अप्रामाणिक ठरेल. हा कोळसा आणि हे अरण्य यांचा संबंध काय? मार्गाचे दुपदरीकरण करण्याच्या योजनेवरून गोव्यात मोठे आंदोलन झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये चांदर येथे लोकांनी रात्री रुळांवर ठाण मांडले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिनईघाट–कॅसलरॉक–कुळें या टप्प्याच्या दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी रद्द ठरवली. या वादात दोन्ही बाजूंच्या लोकांनी छायाचित्रे वापरली, आणि गमतीची बाब अशी, की चित्रे पुष्कळदा त्याच प्रकारची होती: हिरव्या रानातून जाणारी काळी गाडी. एका बाजूला ती प्रगतीची खूण वाटे, दुसरीला जखम. जे चित्र दोन परस्परविरुद्ध अर्थांना सारखेच राबते ते व्यंजनेने समृद्ध आहे, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. व्यंजना अनेकार्थी असली तरी ती कोणत्या तरी निश्चित वाच्यार्थावर उभी असते. येथे वाच्यार्थच रिकामा आहे: गाडी भरलेली की रिकामी, कोठून कोठे निघालेली, मागे इंजिने किती, यांपैकी काहीच चित्र सांगत नाही, म्हणून ज्याने त्याने आपला अर्थ त्यात भरावा. आम्ही स्वतः अरण्याच्या बाजूचे आहोत हे लपवीत नाही. तरीही अरण्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या दुबळ्या चित्राला बाजूसाठी चांगले म्हणणार नाही. त्या चढावर इंजिने अधिक का लागतात आणि भार कोणाच्या कामी येतो हे ज्या चित्रात वाचता येते, ते चित्र दोन्ही पक्षांना अधिक अडचणीत टाकील, आणि म्हणूनच ते अधिक उपयोगी पडेल.

शेवटी ज्या चित्रामुळे हा लेख लिहावासा वाटला त्याविषयी लिहितो. आमच्या शाळेत गेल्या डिसेंबरात मुलांनी काढलेल्या छायाचित्रांचा एक फलक लावण्यात आला. त्यांत दूधसागर होता, धुके होते, वळणावरची कमानही होती. नववीतील एका मुलाचे चित्र मात्र निराळे निघाले. त्याचे वडील रेल्वेमार्गाच्या देखभालीच्या टोळीत काम करतात. चित्र फाटकाच्या अलीकडून, सकाळी घेतलेले आहे. मालगाडी जात आहे. डबे वेगामुळे पुसट झाले असून त्यांची एक काळपट भिंत बनली आहे. त्या भिंतीसमोर रुळांपासून हटून तीन माणसे उभी आहेत. कानटोप्या, खांद्यावर हातोडा, एकाच्या हाती हिरवा बावटा. तिघांच्याही पाठी आपल्याकडे आहेत, तिघेही गाडीकडे पाहत आहेत, आणि पाहत आहेत ते चाकांकडे.

हे पाहणे म्हणजे कामाचा भाग आहे. जाणाऱ्या गाडीचा आस तापून धूर येतो आहे काय, एखादा भाग लोंबतो आहे काय, दार उघडे राहिले आहे काय, हे रुळांवरच्या माणसांनी नजरेने तपासावयाचे असते, आणि काही वावगे दिसले तर गार्डाला खूण करावयाची असते. त्या मुलाने हे लहानपणापासून पाहिले असल्याने त्याला ते चित्रात घ्यावेसे वाटले. लिंकच्या चित्रातील माणसांचे लक्ष मालगाडीकडे नाही. येथे ते तिच्याकडेच आहे. त्या तिघांना गाडी सुंदर दिसते की नाही हे विचारण्यात अर्थ नाही. ते तिला वाचीत आहेत. बुलोचे अंतर त्यांच्यात व गाडीत आहे ते केवळ चार पावलांचे, नियमाने ठरलेले. आणि तरी, किंवा म्हणूनच, त्यांच्या नजरेतून पाहणाऱ्याला गाडीचा सगळा भार जाणवतो. अलंकार म्हणावे असे त्या चित्रात काहीच नाही. अलंकार्य तेवढे आहे.

मुलाने चित्राखाली पेन्सिलीने तीन शब्द लिहिले आहेत: ‘डिसेंबर. भरलेली. वर.’ शेजारच्या चित्रांखाली ‘निसर्गाच्या कुशीत’ आणि ‘स्वप्नांची गाडी’ अशी नावे आहेत. चित्राला नाव कसे द्यावे, यावर क्षेमेंद्राच्या औचित्यविचाराचा आधार घेऊन एक स्वतंत्र टिपण लिहिता येईल, आणि शिक्षकबंधूंपैकी कोणी ते लिहावे असे आम्ही सुचवतो.

चित्रात दोष आहेत. जमीन डावीकडे कललेली आहे, आणि वरचा तिसरा भाग निव्वळ पांढरा गेला आहे. आमच्या चित्रकलेच्या शिक्षकांनी ते कापून सरळ करावे असे सुचवले आणि तसे करून पाहिलेही. पण कड कापताच उजवीकडच्या माणसाचा हात बावट्यासह चौकटीबाहेर जाऊ लागला. तेव्हा त्यांनी कात्री बाजूला ठेवली आणि चित्र होते तसेच, तिरपे, फलकावर लावले.